सुरतेच्या कबरी आणि आपल्या तीन वैद्यांचे पान



वार्षिक संमेलनासारख्या मंगल प्रसंगी कबरस्तानाचा विषय काढावा, हे आपल्यापैकी काहींना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. ज्या सभागृहात थोड्याच वेळापूर्वी यशस्वी विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला आणि वयोवृद्धांचा सत्कार झाला, तेथे मृतांची वास्तू वर्णावी हे औचित्यास सोडून आहे, असे कोणी म्हटले तर त्यात नवल नाही. स्मशानातून परतल्यावर स्नान केल्यावाचून उंबरठा न ओलांडणारे आपण लोक. आपल्याकडे देह अग्नीच्या स्वाधीन होतो, अस्थी पाण्याच्या स्वाधीन होतात, आणि मागे उरते ते श्राद्धाच्या दिवशी उच्चारलेले नाव. तेही सामान्यतः तीन पिढ्यांपुरतेच. संन्यासाश्रमी गुरूंच्या समाधी तेवढ्या आपण बांधतो. शिरालीच्या चित्रापूर मठात गुरुपरंपरेच्या समाधी आहेत आणि आपण तेथे मस्तक नमवतो. गृहस्थाच्या वाट्याला मात्र दगड येत नाही.

असे असता सुरतेच्या एका जुन्या कबरस्तानाशी आपल्या ज्ञातीचा संबंध येतो, आणि तो संबंध साधा नाही. तो उलगडून दाखवावा आणि त्यातून आपल्या आजच्या एका कर्तव्याकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्याच हेतूने आम्ही आज उभे आहोत.

सुरत हे नाव महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक असते, ते शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांमुळे. तापीच्या काठी वसलेले हे शहर सतराव्या शतकात मोगल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. हाजींची जहाजे येथूनच मक्केस निघत. कापड, नीळ, मिरी, रेशीम यांचे सौदे येथे होत, आणि येथील काही सावकारांची पत परदेशी कंपन्यांनाही हेवा वाटावा अशी होती. १६१३ मध्ये इंग्रजांना जहांगीर बादशहाकडून व्यापाराचे फर्मान मिळाले आणि त्यांची वखार येथे स्थिर झाली. पाठोपाठ डच आले. आर्मेनियन व्यापारी तर त्यांच्याही आधीपासून येथे वावरत होते. हे सर्व लोक संपत्ती मिळवण्यास आले. पण त्यांतील अनेकांना परतीचे जहाज मिळालेच नाही. ज्वर, अतिसार, पटकी आणि न सोसणारे हवामान यांनी तरुण माणसे भराभर गेली. १६३० ते १६३२ या काळात गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा वखारीतील माणसेही साथीत मोठ्या संख्येने दगावली. वखार तेथे कबरस्तान, असा जणू नियमच ठरून गेला.

इंग्रजांचे हे जुने कबरस्तान आणि त्याच्याजवळचे डच व आर्मेनियन लोकांचे कबरस्तान आजही सुरतेत कतारगाम दरवाजाच्या बाजूस पाहावयास मिळते. दोन्ही स्थळे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. एके काळी गावाबाहेर असलेली ही जागा आता शहराच्या गजबजाटात सापडली आहे. भोवती वस्ती आणि वर्दळ, आणि मध्येच झाडांमधून डोकावणारे काळवंडलेले घुमट. प्रथम पाहणारास ही एखाद्या मुसलमान सरदाराची दफनभूमी वाटावी, इतके तेथील बांधकामाचे रूप या देशाचे आहे.

हे रूप असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी युरोपात प्रतिष्ठित मनुष्य मेला की त्याला देवळाच्या फरशीखाली पुरीत आणि भिंतीवर एखादी कोरीव शिला बसवीत. स्वतंत्र इमारत क्वचितच उभी राही. सुरतेत मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर मोगल अमीर-उमरावांचे मकबरे होते. ज्या देशात माणसाचा मोठेपणा त्याच्या मकबऱ्याच्या घुमटावरून ओळखला जातो, तेथे आपल्या अध्यक्षाला साध्या मातीत ठेवले तर वखारीची पत काय राहील, असा व्यापारी विचार त्यांनी केला असावा. मग त्यांनी येथल्याच कारागिरांच्या हातून विटा आणि चुना वापरून कमानी, खांब, सज्जे आणि घुमट उभारले. त्यावर लेख तेवढे लॅटिन किंवा डच भाषेत कोरले. देह परदेशाचा, घडण या देशाची आणि लेखाची भाषा तिसऱ्याच मुलखाची, असा तो मेळ आहे.

इंग्रजी भागातील लेख असलेल्या जुन्या कबरींमध्ये फ्रान्सिस ब्रेटन या अध्यक्षाची कबर येते. तो १६४९ मध्ये मरण पावला. परंतु पाहणाराची दृष्टी प्रथम जाते ती ऑक्झेंडन बंधूंच्या मकबऱ्याकडे. धाकटा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला आणि थोरल्या जॉर्जने त्याच्यासाठी स्मारक बांधले. पुढे १४ जुलै १६६९ रोजी सर जॉर्ज स्वतः येथेच मरण पावला, तेव्हा भावाच्या स्मारकाला पोटात घेऊन त्याच्यावर दुमजली भव्य इमारत उभी राहिली. तिची उंची सुमारे ४० फूट आहे. जाड खांब, वर जाणारे जिने, वरचा मोकळा सज्जा आणि माथ्यावर घुमटी असा तिचा थाट आहे.

ख्रिस्तोफरच्या लॅटिन लेखाचा आशय मोठा मनोरंजक आहे. तो चक्क जमाखर्चाच्या वहीच्या भाषेत लिहिलेला आहे. याचे आयुष्य इतके अल्प ठरले की दिवसच मोजावे लागले, मृत्यूने अवेळी हिशेब मागितला, धन्यांच्या खाती तोटा पडला आणि मरणाराच्या खाती लाभ जमा झाला, असा त्याचा भावार्थ आहे. व्यापाऱ्याच्या लेखणीतून शोकही जमा-नावे होऊन उतरला. आपल्यापैकी जे पेढीवर आणि बँकेत आयुष्यभर आकडे लिहीत आले, त्यांना या लेखातील हृदय ओळखण्यास अडचण पडू नये.

हाच सर जॉर्ज ऑक्झेंडन जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर चाल केली, तेव्हा इंग्रज वखारीचा अध्यक्ष होता. शहराचा मोगल सुभेदार किल्ल्यात लपून बसला असता इंग्रजांनी आणि डचांनी आपापल्या वखारी राखल्या. त्याबद्दल औरंगजेबाने ऑक्झेंडनला मानाचा पोशाख दिला आणि जकातीत सूट दिली. पुढे दहा वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या वतीने नजराणा घेऊन आलेला हेन्री ऑक्झेंडन हा याच घराण्यातला. एकाच कुळातील एक पुरुष महाराजांसमोर वखार लढवतो आणि दुसरा दहा वर्षांत त्यांच्याच सिंहासनापुढे नजर करतो. स्वराज्य या अवधीत केवढे वाढले होते, याची याहून बोलकी खूण दुसरी कोणती?

मुंबईस शहराचे रूप देणारा जेराल्ड आँजियर याचाही देह ३० जून १६७७ रोजी सुरतेतच पडला. मुंबईत न्यायालय स्थापणारा आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना तेथे येऊन वसण्यास उत्तेजन देणारा हा पुरुष. आज ज्या महानगरीत आपल्या ज्ञातीची हजारो कुटुंबे पोटापाण्यास लागली आहेत, तिची पायाभरणी करणाऱ्याची नेमकी कबर कोणती, याविषयी अभ्यासकांना फार काळ शोध घ्यावा लागला. ऑक्झेंडनला घुमट मिळाला आणि मुंबई घडवणाऱ्याला साधे नावही बराच काळ मिळाले नाही. दगडाचा न्याय असा असतो. ज्याच्या मागे पैसा खर्च करणारा असतो, त्याची आठवण तो ठेवतो.

आता डचांकडे वळू. इंग्रज आणि डच या दोन कंपन्यांची स्पर्धा बाजारापुरती राहिली नाही, ती कबरस्तानातही शिरली. जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाच्या १६९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात सुरतेच्या या कबरींचा उल्लेख येतो. त्यात त्याने एका विलासी डच अधिकाऱ्याच्या कबरीविषयी लिहिले आहे. तिच्या माथ्यावर मद्य मिसळण्याची तीन मोठी पात्रे घडवलेली होती, आणि त्याचे मित्र तेथे जमून त्याची आठवण इतकी काढीत की शेवटी त्यांना स्वतःचीच शुद्ध राहत नसे. मृतांच्या स्मरणाची ही तऱ्हा आपल्याला विलक्षण वाटेल. परंतु घरापासून हजारो कोस दूर आलेल्या माणसांचा एकाकीपणा त्या तीन पात्रांत साठलेला होता, हेही ध्यानी घ्यावे.

डच भागातील सर्वांत भव्य वास्तू मात्र दुसऱ्याच पुरुषाची आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही आपणांस एवढ्या दूर घेऊन आलो. दुमजली इमारत, घुमटावर घुमट, खाली आणि वर खांबांवर तोललेले सज्जे. एके काळी आतल्या भिंतींवर रंगीत चित्रे, घराण्याची मानचिन्हे आणि बायबलातील वचने होती, आणि खिडक्यांना सुंदर लाकडी कोरीवकाम होते. ऑक्झेंडनच्या मकबऱ्याला मागे टाकण्याच्या ईर्ष्येने डचांनी ती उभारली, अशी परंपरागत समजूत आहे. तिच्याखाली विसावलेल्या पुरुषाचे नाव हेंड्रिक आद्रियान व्हान ऱ्हीडे.

हा डच सरदारपुत्र १६३६ मध्ये जन्मला आणि तरुणपणीच कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडे आला. पोर्तुगिजांकडून कोचीन घेण्याच्या लढायांत तो होता. १६७० पासून १६७७ पर्यंत तो मलबारातील डच सत्तेचा प्रमुख होता. १६८४ मध्ये कंपनीने त्यास निरनिराळ्या ठाण्यांची तपासणी करून नोकरांचा भ्रष्टाचार मोडण्याचे काम सोपवले. आफ्रिकेचे दक्षिण टोक, बंगाल, चोळमंडळ, सिंहलद्वीप आणि मलबार असा फेरा करीत तो समुद्रमार्गाने सुरतेकडे निघाला असता, १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईच्या आसपास जहाजावरच त्याचा अंत झाला. पुढे ३ जानेवारी १६९२ रोजी सुरतेत त्याचे दफन झाले.

एखाद्या कंपनीच्या अधिकाऱ्याशी आमचा काय संबंध, असे आपण विचाराल. त्यासाठी सुरत क्षणभर सोडून आपल्याला कोचीनला जावे लागेल. आणि कोचीनला जाण्यासाठी प्रथम गोव्याहून निघावे लागेल.

आपल्या पूर्वजांनी गोमंतक का सोडला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवालये पाडली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशनचा धर्मन्यायालयी जाच सुरू झाला. तेव्हा देवाच्या मूर्ती उराशी कवटाळून आपली अनेक कुटुंबे दक्षिणेकडे गेली. काही कारवार आणि कानडा प्रांतात स्थिरावली, काही थेट कोचीनपर्यंत पोहोचली. कोचीनच्या राजाने त्यांना आश्रय दिला, आणि मट्टनचेरीजवळ चेर्लाई येथे तिरुमल देवस्थान उभे राहिले. परंतु पोर्तुगीज तेथेही किल्ला करून बसले होते. ज्यांच्यापासून पळालो तेच पुन्हा शेजारी, अशी आपल्या लोकांची स्थिती होती. जानेवारी १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगिजांना तेथून घालवले आणि राजाशी केलेल्या करारात कोकणी लोकांच्या संरक्षणाची तरतूद केली. डच कंपनी धर्मार्थ नव्हती. तिला या व्यापारी जमातीचा उपयोग होता. तथापि त्यामुळे आपल्या लोकांना काही काळ स्वास्थ्य लाभले, हे खरे.

अशा काळी व्हान ऱ्हीडेच्या मनात एक कल्पना आली. डच लोकांना लागणारी औषधे कंपनी युरोपातून मोठ्या खर्चाने मागवीत असे. त्यांतील कित्येक मुळात याच भूमीतून तिकडे गेलेली असत, आणि परत येईपर्यंत निःसत्त्व होत. ज्या भूमीत आपण राहतो, तेथील वनस्पतींचा आणि त्यांच्या गुणांचा शोध का घेऊ नये, असे त्याने ठरवले. त्यातून निर्माण झाला तो ‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे ‘मलबारचा बाग’, हा लॅटिन ग्रंथ. त्याचे १२ मोठे खंड ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाले. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि भव्य चित्रे त्यात आहेत. पहिल्या खंडाचा आरंभच नारळाच्या झाडाने होतो. कोकणच्या माणसाला याहून शुभ आरंभ कोणता वाटेल? कित्येक चित्रांवर वनस्पतीचे नाव रोमन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर आपल्या देवनागरीतही कोरलेले आहे, आणि लॅटिन मजकुरात ‘ब्राह्मणांच्या भाषेतील नाव’ म्हणून आपली कोकणी नावे नोंदलेली आहेत.

हे ज्ञान व्हान ऱ्हीडेला कोणी दिले? पहिल्या खंडाच्या आरंभी त्याची साक्ष देणारी पाने आहेत. त्यांतील एक पान देवनागरी लिपीत, कोकणी भाषेत आहे. त्याखाली तीन नावे आहेत: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. हे तिघे कोचीनमधील आपल्या ज्ञातीचे वैद्य होते. साल आहे १६७५. आम्ही महानिघंटूच्या आधारे वनस्पतींची नावे आणि गुण सांगितले, आणि हे काम सुमारे दोन वर्षे केले, अशा आशयाचे ते प्रमाणपत्र आहे. देवनागरीत छापल्या गेलेल्या कोकणीच्या अगदी जुन्या नमुन्यांत या पानाची गणना होते. ज्या वर्षी हे पान लिहिले गेले, त्या वर्षी रायगडावरील राज्याभिषेकास एकच वर्ष झाले होते.

या ज्ञानाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. वैद्यांनी सांगितलेले आधी पोर्तुगीज भाषेत उतरवले जाई आणि मग पोर्तुगीजमधून लॅटिन होई. कारण पश्चिम किनाऱ्यावर निरनिराळ्या देशांच्या माणसांना परस्परांशी बोलण्यास तीच भाषा त्या काळी सोईची होती. ज्या भाषेच्या धन्यांनी आपल्या पूर्वजांना गोव्यातून देशोधडीस लावले, त्याच भाषेच्या पुलावरून आपल्या वैद्यांची विद्या युरोपात गेली.

येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो, कारण ज्ञातीच्या व्यासपीठावर ती विसरली जाण्याचा संभव असतो. हा ग्रंथ केवळ आपल्या तीन वैद्यांचा आहे, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. त्याच्या सिद्धतेत मोठा वाटा होता इट्टी अच्युदन या एळवा वैद्याचा. त्याचे मल्याळम प्रमाणपत्रही त्याच खंडात, त्याच वर्षाचे आहे. ज्या समाजास त्या काळी उच्चवर्णीय म्हणवणारे लोक दूर ठेवीत, त्या समाजातील हा वैद्य घराण्याच्या पोथ्यांतून आणि स्वतःच्या अनुभवातून वनस्पतींचे गुण जाणत होता, आणि या कार्यात त्याचे ज्ञान आपल्या पंडितांच्या निघंटूइतकेच, किंबहुना अनेक ठिकाणी अधिक, उपयोगी पडले. याखेरीज रानावनांत हिंडून फुले, फळे आणि मुळे आणणारे, उंच झाडांवर चढणारे अनेक लोक होते. त्यांच्या हातांवाचून एकही चित्र पूर्ण झाले नसते, आणि त्यांची नावे कोणत्याही पानावर नाहीत. आपला अभिमान दुसऱ्याच्या वाट्याचे श्रेय घेऊन मोठा होत नसतो. आपल्या तिघांचे नाव घेताना अच्युदनाचे नाव त्याच श्वासात घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

पुढे अठराव्या शतकात लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या नामकरणाची जी पद्धत घातली, तीत भारतीय वनस्पतींसाठी त्याने या ग्रंथाचा पुष्कळ आधार घेतला. व्हान ऱ्हीडेच्या सन्मानार्थ त्याने एका वनस्पतिकुलास ‘ऱ्हीडिया’ हे नाव दिले. कालांतराने शास्त्रज्ञांनी ते कूळ ‘गार्सिनिया’त विलीन केले. आणि गार्सिनिया म्हणजे कोण? आपल्या सोलकढीतील भिरंड, आपला कोकम, याच कुळातला. सुरतेच्या घुमटाखालील त्या पुरुषाचे नाव फिरून आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तीन शतके हा ग्रंथ लॅटिन भाषेच्या कुलुपात राहिला. ज्या भूमीचे ज्ञान त्यात होते, त्या भूमीच्या लोकांना तो वाचता येत नव्हता. कालिकत विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक दशके खर्चून तो सोडवला. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये आणि मल्याळम भाषांतर २००८ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १ जानेवारी २०२५ रोजी ते निवर्तले. एका माणसाची निष्ठा काय करू शकते, याचे हे उदाहरण आपल्या तरुणांनी डोळ्यांपुढे ठेवावे.

आता पुन्हा सुरतेकडे येऊ. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलवले. तापीचे मुख गाळाने भरत गेले आणि व्यापार ओसरला. १८२४ च्या तहानुसार भारतातील डचांची ठाणी इंग्रजांकडे गेली आणि पुढच्याच वर्षी सुरतेची डच वखार इतिहासजमा झाली. कबरींची निगा राखणारी माणसेच उरली नाहीत. कित्येक कबरींवरील शिला नाहीशा झाल्या, भिंतींवरील चित्रे पुसली, लाकडी कोरीवकाम गेले. आज तेथील अनेक घुमटांखाली कोण निजले आहे, हे सांगण्यास अक्षर नाही. ज्यांनी नाव राहावे म्हणून हजारो रुपये चुन्यात आणि विटांत घातले, त्यांतील कित्येकांचे नावच गेले आणि चुना उरला. शेजारच्या आर्मेनियन भागात भव्यता नाही. जमिनीलगत आडव्या शिला आहेत आणि त्यांवर त्यांच्या लिपीत कोरलेले लेख आहेत. पण ती साधी अक्षरेच कित्येक घुमटांपेक्षा अधिक काही सांगतात.

व्हान ऱ्हीडेच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. त्याच्या ग्रंथाचा शेवटचा खंड त्याच्या मृत्यूनंतर, १६९३ मध्ये बाहेर आला. म्हणजे मकबरा आणि ग्रंथ ही दोन्ही स्मारके त्याच्या पश्चातच पुरी झाली. त्यांपैकी मकबऱ्याची चित्रे पुसली. ग्रंथाची चित्रे आजही अभ्यासकाच्या मेजावर उघडी आहेत. आणि त्या ग्रंथाच्या आश्रयाने, ज्यांना दगडाचा तुकडाही लाभला नाही, ज्यांच्या चिता कोचीनच्या किनाऱ्यावर केव्हाच विझल्या, त्या रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट यांची नावे साडेतीनशे वर्षे टिकली. एक सही आणि एक तारीख, एवढ्यावर ती टिकली.

बंधुभगिनींनो, आमच्या भाषणाचा मुद्दा हाच आहे. आपली ज्ञाती स्थलांतराची ज्ञाती आहे. गोव्याहून कानडा, कोचीन, मुंबई, आणि आता तर दुबईपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपण पसरलो. प्रत्येक स्थलांतरात आपण देव बरोबर नेला, भाषा बरोबर नेली आणि मासळीच्या आमटीची चवही नेली. कागद मात्र मागे राहिले. रंग भट, विनायक पंडित यांच्या हातचा निघंटू आपल्या कोणत्या घरात आहे? त्यांचे शब्द आपल्याला मिळाले, ते एका परकीय अधिकाऱ्याने ते लिहून घेतले आणि त्याच्या देशात ते छापले गेले म्हणून. आपल्या विद्येची नोंद दुसऱ्याने ठेवावी, आणि ती वाचण्यासाठी आपण परक्या भाषेच्या दाराशी जावे, ही स्थिती अभिमानाइतकीच खंत वाटण्यासारखी आहे.

आपल्या वृद्ध मातांजवळ आजही बाळंतकाढ्याचे, पोटदुखीच्या चाटणाचे, मुलांच्या गुटीचे ज्ञान आहे. पुष्कळ जुन्या घरांत वैद्यकाची बाडे आहेत, मोडीत किंवा कानडी लिपीत लिहिलेल्या वह्या आहेत, देवस्थानाच्या हिशेबाचे कागद आहेत, लग्नाच्या याद्या आहेत. घर विकताना किंवा सदनिकेत राहावयास जाताना पहिला बळी या कागदांचा जातो. माळ्यावरून उतरलेले गाठोडे रद्दीवाल्याच्या तराजूत पडते आणि एका घराण्याची शंभर वर्षे किलोच्या भावाने जातात.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या घरी असलेला कोणताही जुना हस्तलिखित कागद टाकण्यापूर्वी मंडळास दाखवावा. तो मंडळाकडे द्यावा असे आमचे म्हणणे नाही. त्याची छायाप्रत घेऊन मूळ कागद आपणांस परत मिळेल, अशी व्यवस्था मंडळाच्या चालकांनी करावी. दुसरी, घरातील वडीलधाऱ्यांना जी औषधे, जी झाडे आणि जी कोकणी नावे माहीत आहेत, ती नातवंडांनी त्यांच्यासमोर बसून लिहून घ्यावीत. लिहिणाराचे नाव, सांगणाराचे नाव आणि तारीख अवश्य घालावी. कारण त्या तिघांना अमर केले ते याच तीन गोष्टींनी. तिसरी, सांगणारी व्यक्ती घरातील नोकर, गावातील कुळवाडी किंवा शेजारची वैदू स्त्री असेल, तर तिचे नाव पहिल्या ओळीत घालावे. इट्टी अच्युदनाच्या नावाशेजारी आपल्या पंडितांची नावे शोभून दिसतात, तशीच आपली नावेही तेथे शोभतील.

आपल्यापैकी कोणी कामानिमित्त सुरतेस गेलेच, तर कतारगाम दरवाजाच्या बाजूस थोडी वाट वाकडी करावी. त्या डच मकबऱ्यापुढे क्षणभर उभे राहावे. तेथे निजलेला मनुष्य परसत्तेचा अधिकारी होता, हे विसरण्याचे कारण नाही. पण सांगणाराचे नाव गिळून न टाकता ते आपल्या ग्रंथाच्या आरंभी छापण्याइतका तो प्रामाणिक होता, हेही आठवावे. कबरस्तानातून परतल्यावर स्नान अवश्य करावे, आपला तो आचार आहे. आणि स्नान झाल्यावर, घरातील माळ्यावरचे गाठोडे एकदा उघडून पाहावे.